साखर असेल तर डोळ्याचा पडदा तपासा



गटाच्या बैठकीत एक वाक्य नेहमी कानावर येतं, "मला साखर आहे, पण डोळ्यांना काही नाही. अजून सुईत दोरा ओवते मी." आज या वाक्याबद्दलच बोलायचं आहे. कारण साखरेमुळे होणारा डोळ्याचा आजार सुरू होतो, तेव्हा नजर चांगलीच असते. दुखत नाही, खुपत नाही, डोळा लालही होत नाही.

आपल्या डोळ्याच्या आत, मागच्या बाजूला एक पातळ पडदा असतो. आपण जे बघतो त्याचं चित्र त्या पडद्यावर उमटतं. त्याला रक्त पुरवणाऱ्या वाहिन्या केसाहून बारीक असतात. ठिबकची नळी खराब झाली, की कुठे पाझरते, कुठे तुंबते. साखर वर्षानुवर्षं वाढलेली राहिली, की या वाहिन्यांचंही तसंच होतं. पडद्याला सूज येते. पुढे नव्या, कच्च्या वाहिन्या फुटतात आणि त्यातून डोळ्यात रक्त उतरतं.

आमच्या गटातल्या एका ताई शिलाई करतात. अंधुक दिसायला लागलं म्हणून त्यांनी दोन वर्षांत दोनदा चष्मा बदलला. शेवटी ग्रामीण रुग्णालयात डोळ्यांत औषध घालून पडदा तपासला, तेव्हा सूज आढळली. तिथून त्यांना जिल्ह्याच्या दवाखान्यात पाठवलं. आता उपचार चालू आहेत, मशीनही चालू आहे. पण एका डोळ्याची गेलेली नजर पूर्ण परत आली नाही. पडद्याचा आजार चष्म्याने जात नाही, हे आम्ही सगळ्यांनीच त्यांच्याकडून शिकलो. साखर वरखाली झाली तरी चष्म्याचा नंबर बदलतो. म्हणून आधी साखर आटोक्यात आणावी, मग नवा चष्मा करावा.

भिंतीवरची अक्षरं वाचणं ही नजरेची तपासणी. पडद्याची तपासणी वेगळी, ती मागून घ्यावी लागते. "मला साखर आहे, माझा पडदा बघा," असं स्पष्ट सांगा. डोळ्यात थेंब घालतात, बाहुली मोठी होईपर्यंत थांबवतात आणि मग आत बघतात. काही ठिकाणी कॅमेऱ्याने फोटो काढतात. थेंबांमुळे काही तास अंधुक दिसतं, ऊन सहन होत नाही. म्हणून सोबत कुणीतरी न्या, गाडी चालवू नका.

कधी करायची ही तपासणी? मोठेपणी साखर निघाली तर लगेच, कारण ती आधीपासून अंगात लपलेली असू शकते. त्यानंतर दर वर्षी. दोष आढळला तर डॉक्टर सांगतील तेव्हा. आधीपासून साखर असलेल्या बाईला दिवस गेले, तर पहिल्या तीन महिन्यांतच.

सुरुवातीला साखर आणि बीपी आटोक्यात ठेवणं हाच मोठा उपचार. आजार वाढला तर लेझर, डोळ्यातलं इंजेक्शन किंवा ऑपरेशन. इंजेक्शनचं नाव ऐकून घाबरू नका, आधी डोळा बधिर करतात. डोळ्यापुढे अचानक काळे ठिपके, जाळी किंवा पडदा आला, तर वर्षाची वाट बघू नका. त्याच दिवशी दवाखाना गाठा.

आता एक घरचं बोलते. नवऱ्याला, सासूबाईंना आपण दवाखान्यात नेतो. स्वतःची वेळ आली, की "सुगी होऊ दे, लग्न होऊ दे." एक दिवसाची मजुरी बुडेल, हे खरं. पण नजर गेली तर रोजचीच मजुरी बुडेल.

म्हणून या महिन्याच्या बैठकीत एवढं करा. गटाच्या वहीत एक रकाना वाढवा. साखर असलेल्या प्रत्येक ताईचं नाव आणि पडदा तपासल्याची तारीख त्यात लिहा. तारीख नसेल तिथे आशाताईंना विचारून दवाखान्याचा दिवस ठरवा. चार-पाचजणी मिळून एकच गाडी करा. साखरेचे रिपोर्ट, चालू गोळ्या आणि जुना चष्मा बरोबर घ्या. तिशी ओलांडलेल्या ज्या मैत्रिणींनी साखर कधीच तपासली नसेल, त्यांनी उपकेंद्रात जाऊन तपासून घ्या. तिथे ती मोफत होते.

पुढच्या बैठकीत व्याज-हप्ते लिहून झाले, की हा रकानाही मोठ्याने वाचा.