इथे फक्त बर्फ



संयोजकांनी मला ‘तुझ्या कामाबद्दल बोल’ असं सांगितलंय. पण सॉफ्टवेअरवर बोलले तर जेवणाआधीच तुम्हाला झोप लागेल, म्हणून पेंग्विनबद्दल बोलते. भूगोलाच्या बाई नकाशाच्या तळाशी पट्टी टेकवायच्या, “हा अंटार्क्टिका, इथे फक्त बर्फ,” म्हणायच्या आणि धडा पुढे जायचा. त्या बर्फाचीच ही गोष्ट.

तिथल्या एम्परर पेंग्विनची मादी हिवाळ्याच्या तोंडाशी एकच अंडं घालते, ते नराच्या पायांवर सोपवते आणि समुद्रात जाते. उणे ४० अंशांत, हिमवादळात, नर दोन महिने उपाशी उभे राहतात. एकमेकांना खेटून, आळीपाळीने आतबाहेर सरकत. ती थंडी ते सोसतात.

घात होतो तो पायाखाली. त्यांची वसाहत बहुधा जमिनीवर नसते, किनाऱ्याला धरून गोठलेल्या समुद्रावर असते. तो बर्फ डिसेंबरपर्यंत टिकावा लागतो, कारण तोवर पिल्लांना पाण्यात तग धरणारी पिसं आलेली नसतात. वेडेल समुद्राकाठी हॅली बे इथे दरवर्षी १४ ते २५ हजार जोड्या जमायच्या. २०१६ साली वादळी हवेत ऑक्टोबरमध्येच बर्फ फुटला. २०१७ आणि २०१८ मध्येही तेच. तीन वर्षं जवळजवळ एकही पिल्लू मोठं झालं नाही.

ब्रिटिश अंटार्क्टिक सर्व्हेच्या शास्त्रज्ञांना हे उपग्रहचित्रांवरून कळलं. शुभ्र बर्फावर विष्ठेचा तपकिरी डाग दिसला की तिथे वसाहत आहे, असं समजायचं. मीही दिवसभर पडद्यावर आकडे आणि ठिपकेच बघते. एखादा नाहीसा झाला की आम्ही ‘डेटा मिसिंग’ लिहून मोकळे होतो. हे वाचल्यापासून तसं लिहिताना माझा हात थबकतो.

त्याच चित्रांत आणखी एक गोष्ट दिसली. सुमारे ५५ किलोमीटरवरची डॉसन-लॅम्बटन वसाहत दहापटीहून अधिक वाढली होती. हॅलीचे बरेच पक्षी तिकडे गेले होते. घर मोडलं की बिऱ्हाड हलवता येतं, हे त्यांनाही ठाऊक आहे. पण हलायला दुसरीकडे टिकाऊ बर्फ हवा. २०२२ मध्ये बेलिंग्सहॉसेन समुद्रात तो लवकर गेला, आणि पाचपैकी चार वसाहतींतली पिल्लं बहुधा वाचली नाहीत.

बाई, तुम्ही आज समोर बसला आहात. ‘इथे फक्त बर्फ’ हे तुमचं वाक्य खरंच होतं. त्यांच्याकडे तेवढंच आहे.