कुत्रा, कुंड्या आणि आपण

पहिला पाऊस पडून गेला, की लोक नर्सरीतून रोपं आणतात आणि आमच्या जनावरांच्या दवाखान्यातला फोन वाजायला लागतो. तक्रारी दोनच. एक, "डॉक्टर, यानं सगळी बाग उकरून ठेवली हो, काहीतरी औषध द्या." दुसरी, "हा सकाळपासून उलट्या करतोय, बागेत काहीतरी खाल्लंय." पहिली तक्रार करणारा रागावलेला असतो, दुसरी करणारा घाबरलेला. पुष्कळदा घर तेच असतं, मधे आठ-पंधरा दिवस गेलेले असतात एवढंच.

आता असं बघा, गुलाबाच्या खड्ड्यात आपण काय घालतो? हाडांचा चुरा, मासळीचं खत, एरंडीची पेंड. आपल्या लेखी ते खत. कुत्र्याच्या नाकाला मात्र मालकानं मातीत खाऊ पुरून ठेवल्याचा वास येतो. मग तो उकरणार नाही तर काय करील? हाडांचा चुरा भरपूर खाल्ला तर पोटात त्याचा घट्ट गोळा होतो. एरंडीच्या पेंडीचं प्रकरण अधिक गंभीर. एरंडाच्या बीमध्ये रायसिन नावाचं जहाल विष असतं, आणि तेल काढलं तरी ते पेंडीतच मागे राहतं. घरात कुत्रा असेल तर ही पेंड आणूच नका. चांगलं कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत घाला, गुलाब रुसत नाही.

हीच गोष्ट कीडनाशकांची. फोरेटच्या दाण्यांवर आपल्या देशात ३१ डिसेंबर २०२० पासून बंदी आहे, पण जिन्याखाली जुना डबा पडलेला असतोच. तो आज शोधा. गोगलगायींसाठी मिळणाऱ्या मेटाल्डिहाइडच्या गोळ्यांत त्यांना ओढून आणायला खाण्याचा पदार्थ मिसळलेला असतो, त्याला कुत्राही भुलतो. काही तासांत अंग थरथरतं, झटके येतात. त्यापेक्षा रात्री ओलं गोणपाट पसरा आणि सकाळी त्याखाली जमलेल्या गोगलगायी वेचून काढा. किळसवाणं काम आहे, मान्य!

झाडांपैकी मला सर्वांत धास्ती वाटते ती सायकसची. बंगल्याच्या फाटकाशी दोन बाजूंना दोन कुंड्या, करवतीसारखी ताठ पानं, तेच ते. नर्सरीवाले त्याला 'पाम' म्हणून विकतात. तो पाम नव्हे. त्याचं सगळं झाडच विषारी, आणि मादी झाडाला येणाऱ्या नारिंगी बिया तर फारच. एक-दोन बियाही कुत्र्याचा जीव घ्यायला पुरतात. २०१९च्या उन्हाळ्यात सात महिन्यांचं एक लॅब्रेडॉरचं पिल्लू माझ्याकडे आणलं होतं. पहिल्या दिवशी त्याला उलट्या झाल्या. दुसऱ्या दिवशी ते जरा बरं दिसलं, म्हणून घरच्यांना वाटलं, निभावलं. तिसऱ्या दिवशी डोळे हळदीसारखे पिवळे. "पाम चावलाय हो थोडासा, त्यानं काय होतंय?" असं ते गृहस्थ म्हणाले. यकृत पार गेलं होतं. पाचव्या दिवशी पिल्लू गेलं. मधला तो बरा वाटणारा दिवस फसवा असतो, आणि उपचाराची खरी वेळ त्याच्या आधीची असते.

कण्हेर आपल्या घरोघरी, देवाला फुलं हवीत म्हणून. तिचं विष हृदयावर जातं, पान वाळलं तरी ते जात नाही. कडू असल्यामुळे कुत्रा सहसा आपण होऊन झाड खात नाही, पण छाटलेल्या फांद्या अंगणात पडून राहिल्या, की पिल्लू काठी समजून चघळत बसतं. पिवळ्या कण्हेरीची, म्हणजे बिट्टीची फळं त्याला चेंडूच वाटतात. फांद्या, फळं आणि निर्माल्य झाकणाच्या डब्यात टाका. डिफेनबाकिया, अळू, मनी प्लांट यांनी मात्र बहुधा तोंडावरच निभावतं. लाळ गळते, ओठ सुजतात, कुत्रा पंजानं तोंड घासतो. तोंड पाण्यानं पुसून घ्या आणि डॉक्टरांना फोन करा.

एक कळकळीची विनंती. कुत्र्यानं काही खाल्लं की मिठाचं पाणी पाजायची आपल्याकडे पद्धत आहे. कृपा करून पाजू नका. रक्तात मीठ वाढून त्यानंच झटके येतात, आणि थरथरणाऱ्या कुत्र्याच्या घशात ओतलेलं पाणी फुप्फुसात जातं. तूप नको, दूध नको. चावलेली फांदी आणि खताचा किंवा औषधाचा डबा पिशवीत घाला, किती वाजता खाल्लं ते आठवा, आणि निघा.

आता बागेची बाजू. तीही ऐकलीच पाहिजे, कारण आमची मंडळी मोगऱ्याची रोज आंघोळ घालतात! लघवीतल्या नत्रानं हिरवळ जळते. लगेच त्यावर बादलीभर पाणी ओतलं तर वाचते. फाटकाला रंगीत पाण्याच्या बाटल्या टांगायची एक टूम आहे. मी त्या बाटलीवरच पाय वर करणारे कुत्रे पाहिलेत. मिरचीपूड टाकणं हा मला दुष्टपणा वाटतो. आणि डांबरगोळ्या तर मुळीच नकोत, त्या कुत्र्याला विषारी आहेत. आपल्या जुन्या लोकांनी तुळस कमरेएवढ्या वृंदावनात लावली. कारण काही का असेना, कुत्र्यापासून तिचा बचाव झाला खरा.

चार सकाळी कुत्र्याची फेरी बघा. तो कुंपणाच्या कडेनंच फिरतो, आणि आपण नेमकी तिथंच झेंडूची रांग लावतो. साताऱ्याच्या एका आजींनी ती कड दोन फूट मोकळी सोडली, शहाबादी फरशा टाकल्या आणि रोपं आत घेतली. उकरायला म्हणून आंब्याच्या सावलीत वाळूचा खड्डा करून दिला, त्यात त्याचा जुना चेंडू पुरला. उन्हाळ्यात तो त्या गार वाळूतच पडलेला असतो.

पिल्लाची चावाचावी साधारण दीड वर्षाचं होईपर्यंत चालते. तोवर जास्वंद, मोगरा, अरेका पाम खाली राहू द्या. डिफेनबाकिया गच्चीवर न्या, आणि गच्चीच्या दाराला कडी घाला.