खाऱ्या वाऱ्यातली बाग



आपल्यातले बरेच जण निवृत्तीनंतर किनाऱ्यावर घर बांधताहेत आणि ‘बाग तूच लावून दे’ म्हणताहेत. म्हणून आज शाळेच्या आठवणींऐवजी माझी एक चूक सांगतो.

२०११ साली दापोली तालुक्यात समुद्रालगत मी घर बांधलं. समुद्र दिसावा म्हणून पुढची उंडी आणि केवडा तोडला, हिरवळ लावली. वर्षभरात आंब्याच्या कलमांची समुद्राकडची पानं कडेने करपली. ती वाऱ्याबरोबर येणाऱ्या मिठाच्या तुषारांनी करपत होती. मला वाटलं, पाणी कमी पडतंय. पंप दुप्पट वेळ चालवला.

तिसऱ्या उन्हाळ्यात माझी विहीर मचूळ झाली आणि शेजारच्या काकूंचीही. त्यांचं पिण्याचं पाणी तेच होतं. काकू भांडल्या नाहीत. कळशी घेऊन लांबच्या विहिरीवर जाऊ लागल्या. मला मान वर करवेना.

इथे बसलेल्या भूगोलाच्या बाईंचा धडा तेव्हा आठवला. किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी खाऱ्या पाण्यावर तरंगत असतं. ढोबळ हिशेबाने गोड्या पाण्याची पातळी १ फूट उतरली, तर खालचं खारं पाणी कालांतराने ४० फूट वर सरकू शकतं.

मी हिरवळ काढली. पुढे वाळूवर मर्यादवेल, मग केवडा, त्यामागे सुरू आणि उंडी लावली. नारळ आणि फुलझाडं त्यांच्या आडोशाला. उंच भिंत घालू नका. वारा तिच्यावरून उसळून आत आदळतो. झाडांतून तो मंदावून येतो. पाणी ठिबकने, पहाटे द्या. आळ्यात नारळाची सोडणं पसरा. लोखंडी जोड गंजतात, प्लास्टिकचेच घ्या. छपरावरचं पावसाचं पाणी मी विहिरीजवळच्या शोषखड्ड्यात सोडलं.

काकूंच्या विहिरीला पुन्हा गोडं पाणी यायला चार पावसाळे लागले. पहिला तांब्या त्यांनी मलाच आणून दिला.

३ जून २०२० च्या निसर्ग वादळात माझे सुरू मोडले, दोन नारळ पडले. केवडा आणि उंडी उभी राहिली.

तेव्हा घरं जरूर बांधा, पण समुद्राकडचं झाड मला विचारल्याशिवाय तोडू नका. उंडीची रोपं माझ्याकडे तयार आहेत. कोणाला किती हवीत ते पावसाळ्याआधी कळवा.