हुरूप ओसरल्यावर



हिंगोलीहून नांदेडच्या रस्त्याला लागलं, की कळमनुरी मागे पडते आणि पुढे आखाडा बाळापूर येतं. या गावाच्या नावातच आखाडा आहे. म्हणून वजन कमी करायला निघालेल्या माणसाशी आज जे बोलायचंय, ते मी आखाड्यापासूनच सुरू करतो.

तालमीत अंग कमावलेला एखादा पैलवान चाळिशीनंतर आठवून बघा. तरुणपणी जोर होते, बैठका होत्या, माती होती आणि त्याला पेलेल असा खुराक होता. दूध, तूप, बदामाची थंडाई. मग लग्न झालं, शेत आलं, लेकरं झाली, तालीम मागे राहिली. पण जेवणाची सवय तीच राहिली. दंड उतरले, पोट पुढे आलं, जिना चढताना गुडघे बोलायला लागले. अशा माणसाबद्दल गावात म्हणतात, "कसरत सुटली, खुराक सुटला नाही."

मला वाटतं, गेल्या तीस-चाळीस वर्षांत आपल्या अख्ख्या भागाचं हेच झालंय. मोट गेली, मोटारपंप आला. नांगरट ट्रॅक्टरकडे गेली, सोयाबीनची मळणी यंत्राकडे गेली. पांदीनं शेतात पायी जाणारा माणूस दुचाकीवर जाऊ लागला. आपल्या आज्या पहाटे जात्यावर बसायच्या, आता दळण गिरणीतून येतं. हे कष्ट गेले ते चांगलंच झालं. कुठल्याही बाईला पुन्हा जात्यावर बसवावं असं मी म्हणणार नाही. पण अंगातले कष्ट गेले आणि ताट तेवढंच राहिलं, उलट त्यात फरसाण, बिस्किटं आणि गोड चहाची भर पडली. त्यामुळे वजन वाढलेल्या माणसानं स्वतःला आळशी, हावरट म्हणून दोष देऊ नये. पंधरा ते एकोणपन्नास वयोगटाची २०१९-२१ ची राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी सांगते, की देशातल्या २४ टक्के स्त्रिया आणि जवळपास २३ टक्के पुरुषांचं वजन जास्त आहे. इतकी माणसं एकाच वेळी आळशी झाली असं कसं म्हणता येईल?

काहीजण म्हणतील, मी तर बारीकच आहे, मला काय त्याचं? त्यांच्यासाठी पुण्याची एक गोष्ट सांगतो. केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे इंग्लंडमधले सहकारी डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट' या नियतकालिकात स्वतःचंच उदाहरण छापलं. उंचीच्या मानानं वजनाचा जो आकडा काढतात, बॉडी मास इंडेक्स, तो दोघांचाही अगदी सारखा होता, २२.३. पण अंगातली चरबी मोजली तेव्हा युडकिन यांची निघाली ९.१ टक्के आणि याज्ञिक यांची २१.२ टक्के. आपल्या लोकांची ठेवण अशी आहे. हातपाय बारीक दिसतात आणि चरबी पोटात साठते. म्हणून काट्याआधी कंबर मोजा. शिंप्याकडची टेप चालते. पुरुषाची कंबर ९० सेंटिमीटरच्या, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंचांच्या आत असावी. बाईची ८० सेंटिमीटरच्या, म्हणजे साडेएकतीस इंचांच्या आत.

आता मुख्य मुद्द्याकडे येतो. वजन कमी करायला लागलेली माणसं मला भेटतात. त्यांचं बोलणं बहुतेक वेळा सारखंच असतं. "सर, पहिले आठ दिवस लय हुरूप होता. नंतर काय झालं काय माहीत, सुटलंच." आठ दिवस, फार तर पंधरा. ही मुदत इतक्या जणांच्या तोंडी येते, की तिच्यामागे कारण असणारच. ते कारण शरीरात आहे.

आपल्या यकृतात आणि स्नायूंत साखरेचा एक साठा असतो, त्याला ग्लायकोजेन म्हणतात. हा साठा स्वतःसोबत पाणी धरून ठेवतो, एका ग्रॅममागे सुमारे तीन ग्रॅम. खाणं कमी केलं की आधी हा साठा खाली येतो आणि त्याच्याबरोबर पाणीही जातं. त्यामुळे पहिल्या आठवड्यात काटा झरझर उतरतो. दीड किलो, कुणाचं दोन किलो. माणूस खूश होतो, घरात सांगतो, पारावर सांगतो. दुसऱ्या आठवड्यात पाणी उतरून झालेलं असतं. आता खरी चरबी उतरायची असते आणि तिची चाल सावकाश आहे. एक किलो चरबीत सुमारे ७,७०० कॅलरी असतात. रोज पाचशे कॅलरी कमी पडू दिल्या, तरी एक किलो जायला पंधरा दिवस लागतात. त्यात आदल्या रात्री लोणचं-पापड जास्त झालं, की मिठानं पाणी धरलं जातं आणि सकाळी काटा अर्धा-एक किलो वर दिसतो. बायांना पाळीच्या दिवसांतही असंच होतं. माणूस मात्र समजतो की सगळं वाया गेलं. ज्या आठवड्यात खरं काम सुरू झालेलं असतं, नेमक्या त्याच आठवड्यात तो थांबतो.

यासाठी दोन गोष्टी करा. काट्यावर आठवड्यातून एकदाच उभे राहा. ठरलेला वार, सकाळी, काही खाण्याआधी. आणि रोजच्या साक्षीला घरातल्याच खुणा ठेवा. पुरुषांच्या कमरेला करदोटा असतो, तो सैल होतोय का बघा. बायांनी ब्लाउजचे हूक बघावेत, हातातल्या बांगड्या बघाव्यात. काटा जे महिनाभर सांगत नाही, ते करदोटा आधी सांगतो.

आणखी एक गोष्ट मी ज्याला त्याला सांगतो, कारण तिनं मला स्वतःला फार धीर दिला. चेन्नईचे डॉ. ए. रामचंद्रन यांनी मधुमेहाच्या उंबरठ्यावर असलेल्या ५३१ लोकांचा अभ्यास केला. तो २००६ साली प्रसिद्ध झाला. त्यातल्या काहींना फक्त चालणं आणि खाण्यातला बदल नेमून दिला होता. तीन वर्षांत या गटात मधुमेह होण्याचं प्रमाण सुमारे २८ टक्क्यांनी घटलं. आणि या लोकांचं वजन? ते फारसं हललंच नव्हतं. काटा जागचा हलला नाही, तरी आतलं शरीर बदललं होतं. तेव्हा दुसऱ्या आठवड्यात काटा थांबला, तर तुमचं चालणं फुकट गेलेलं नाही. हे लिहून भिंतीवर लावा.

पुन्हा तालमीत चला. पोरगं तालमीत रोज मनापासून येतं असं वाटतं का? थंडीत पहाटे पाच वाजता माती उकरायची कुणाला हौस असते? तरी पोरं येतात, कारण वेळ ठरलेली असते, वस्ताद वाट बघत असतो आणि जोडीदार दारात येऊन हाक मारतो. हुरूप असला तर उत्तम, नसला तरी जोर मारावेच लागतात. आपण नेमकं उलटं करतो. आधी हुरूप गोळा करतो, नवे बूट आणतो, सोमवार बघतो आणि पहिल्याच दिवशी पाच किलोमीटर पळतो. तिसऱ्या दिवशी पिंढऱ्या भरून येतात. वस्ताद नव्या पोराला पहिल्या दिवशी शंभर जोर कधीच लावत नाही.

तुम्हीही पंधरा मिनिटांनी सुरुवात करा. वेळ मात्र एकच ठेवा आणि ती रोजच्या एखाद्या कामाला बांधा. दूध घातल्यावर, लेकरू शाळेत सोडल्यावर, जनावरांना वैरण टाकल्यावर. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधल्या अभ्यासकांनी ९६ लोकांवर पाहिलं, की नवी सवय अंगवळणी पडायला मधल्या हिशेबानं ६६ दिवस लागतात. कुणाला १८ लागले, कुणाच्या बाबतीत २५४ निघाले. त्याच अभ्यासात असंही दिसलं, की मधे एखादा दिवस चुकला तर सवय बिघडत नाही. पावसात खाडा झाला, लग्नात खाडा झाला, तर दुसऱ्या दिवशी निघा. चालताना हमरस्ता टाळा, शाळेचं मैदान किंवा शेताची वाट बघा. रस्त्यावरूनच जावं लागलं, तर उजव्या कडेनं चाला, म्हणजे समोरून येणारी गाडी दिसते.

खाण्याचं बोलताना लातूरचं नाव घ्यावंच लागेल. तिथल्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात प्राध्यापक राहिलेले डॉ. जगन्नाथ दीक्षित यांची पद्धत आपल्या घराघरांत माहीत आहे. मूळ विचार नागपूरच्या दिवंगत डॉ. श्रीकांत जिचकारांचा. दीक्षितांनी आधी तो स्वतःवर करून पाहिला, मग गावोगाव सांगितला. कडकडून भूक लागेल त्या दोन वेळीच जेवा, प्रत्येक जेवण पंचावन्न मिनिटांत संपवा आणि पंचेचाळीस मिनिटांत साडेचार किलोमीटर चाला. त्यावर आहारतज्ज्ञांचे मतभेद आहेत, ते असू द्यात. पण एवढ्या लोकांना ती का जमली, हे नवख्यानं समजून घ्यावं. नियम मोजके, पैसा शून्य, आणि करणाऱ्यांचे गट असल्यामुळे माणूस एकटा पडला नाही. दहा नियमांपेक्षा दोन-तीन नियम पाळणं सोपं जातं. एक गोष्ट मात्र काळजीनं सांगतो. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन चालू असेल, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय जेवण कमी करू नका, साखर एकदम खाली जाऊन जीवावर बेतू शकतं. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बायांनी या वाटेला जाऊच नये.

तुम्हाला एकच नियम निवडायचा असेल, तर माझ्या मते चहापासून सुरुवात करा. आपल्याकडे चहा नुसता गोड नसतो, चांगलाच गोड असतो. कपाला दोन चमचे साखर धरा. शेतावर, दुकानावर, पाहुण्यांकडे मिळून दिवसाचे सहा कप होतात. म्हणजे बारा चमचे, साठ ग्रॅम, दोनशे चाळीस कॅलरी. साधारण तासभर चालून जेवढं जळतं तेवढं. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, दिवसभराची वरून घातलेली साखर शक्यतो पंचवीस ग्रॅमच्या आसपास असावी. चहा सोडू नका, माणसं तुटतात. साखर दोनाची दीड करा, आठ दिवसांनी एक करा. जिभेला महिनाभरात सवय होते. उपवासाचंही बघा. साबुदाणा, शेंगदाणे, तूप, वर केळी. एकादशी आणि दुप्पट खाशी, हे आपल्याच म्हाताऱ्यांनी सांगून ठेवलंय.

बायांची अडचण वेगळी आहे आणि तिच्याकडे फार कमी लक्ष दिलं जातं. घरातली बाई सगळ्यांत शेवटी जेवते. पातेल्यात उरलेला भात, लेकराच्या ताटातली अर्धी पोळी, वाटीभर वरण, हे टाकवत नाही म्हणून ती खाते. तिची भूक भागलेली असते, ती खाते ते अन्नाच्या मायेपोटी. अशा माउलीला 'कमी खा' म्हणून सांगण्यात अर्थ नाही. भाताचं माप अर्धी वाटी कमी करा, आणि तिलाही सगळ्यांबरोबर पानावर बसवा. तिच्या चालण्याच्या वेळी तव्यावरच्या भाकरी घरातल्या दुसऱ्या कुणीतरी बघाव्यात. तसं झालं नाही, तर तिचा हुरूप चौथ्या दिवशी चुलीपाशीच संपतो, आणि त्यात तिचा काही दोष नसतो.

शेवटचं बोलणं आहे ते वजन कमी करणाऱ्याशी नाही, त्याच्या गावाशी आहे.

आपल्या भाषेत माणूस जाड झाला की आपण म्हणतो, "तब्येत सुधारली." बारीक झाला की म्हणतो, "तब्येत उतरली." जुन्या दुष्काळी दिवसांत ते खरंच होतं, म्हणून ते शब्द जिभेवर बसले. आज मोठ्या कष्टानं चार किलो उतरवलेला माणूस पारावर येतो आणि तिघंजण विचारतात, "काय रे, खराब झालास? साखरबिखर निघाली का?" पहाटे चालणाऱ्या बाईला ऐकावं लागतं, "शेतात कामं नाहीत का हिला?" पंगतीत एक पोळी नको म्हटलं, तर वाढणारा रागावतो. मी पाहिलंय, कित्येकांची सुरुवात जिभेच्या चवीनं मोडली नाही, अशा बोलण्यानं मोडली.

म्हणून बाळापूरच्या आणि आसपासच्या वाड्या-वस्त्यांवरच्या मंडळींना माझी विनंती आहे. उद्या पहाटे कुणी चालताना दिसलं, तर 'आजारी आहेस का' असं विचारू नका. चप्पल घाला आणि त्याच्या सोबतीनं वेशीपर्यंत जाऊन या.