पणजोबांच्या तलवारीला धार लावायची का?

नवरात्र जवळ आलं की माळ्यावरची, नाहीतर देवघरामागची तलवार खाली निघते. खंडेनवमीला तिची पूजा होते आणि घरातलं कुणीतरी पात्यावर अंगठा फिरवून म्हणतं, "हिला धारच नाहीये, लावून आणू का?" माझं उत्तर आधीच सांगून टाकतो. तलवार जुनी असेल तर नका लावू. का ते सांगायला आजचा भाग आहे.

धार लावणं म्हणजे लोखंड कमी करणं, एवढंच. उसाच्या फडातला कोयता रोज कानशीनं घासतात, झिजला की नवा घेतात. त्यात काही गैर नाही, कोयता झिजण्यासाठीच असतो. तलवारीचं पातं मात्र आपल्यापर्यंत जेवढं आलंय तेवढंच आहे. दीडशे-दोनशे वर्षांचं पातं कोपऱ्यावरच्या ग्राइंडरवाल्याकडे नेलं, की दहा मिनिटांत ते असं घासलं जातं की कुणालाही परत आणता येत नाही.

त्यात ग्राइंडरची उष्णता. कडेला निळी झाक आलेली दिसली, तर समजा तिथलं तापमान साधारण ३०० अंश सेल्सिअसपर्यंत गेलंय. जुन्या कारागिरानं पाणी देऊन जो कडकपणा आणला होता, तो तिथे कमी झाला. वर कितीही चकाकी आणा, ती कड आता मऊच राहणार. दुसरी गोष्ट मुठीची. आपल्याकडच्या बहुतेक तलवारींचं पातं मुठीत लाखेसारख्या मसाल्यानं बसवलेलं असतं. पातं तापलं की तो मसाला सैल होतो. मग तलवार फिरवताना पातं एकीकडे आणि मूठ दुसरीकडे. यात विनोद काही नाही, समोर माणूस उभा असतो.

आता पात्यावर काय असतं ते बघा. काही तलवारी पोलादाच्या असतात, त्या पात्यावर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसते, तिला जौहर म्हणतात. बफ मारला की ती पुसट होते आणि तलवार स्टीलच्या पट्टीसारखी दिसायला लागते. काहींवर शिक्के असतात. 'फिरंग' हा शब्द ऐकला असेल. पातं युरोपातून आलेलं, बरेचदा जर्मनीतल्या सोलिंगेन गावचं, आणि मूठ इथली. त्या पात्यावरचा छोटासा शिक्का हाच त्याच्या प्रवासाचा पुरावा असतो.

याचं ताजं उदाहरण नागपूरकर भोसल्यांचं. रघुजी भोसले यांची तलवार महाराष्ट्र सरकारनं २०२५ मध्ये लंडनच्या लिलावातून मिळवली, सुमारे ४७ लाख रुपयांना. ती फिरंगच आहे. मुठीवर सोन्याचं काम आणि पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत रघुजींचं नाव. तलवार कुणाची, हे ती स्वतःच सांगते. मधल्या काळात कुणी हौसेनं ती पाठ घासून चकचकीत केली असती तर?

आणि धार नाही म्हणजे तलवार बिघडली, असंही नसतं. अनेक तलवारींना मुठीजवळच्या दोन-तीन बोटांपर्यंत मुळातच धार नसते, कारण परजेवरून बोट पुढे टाकून धरायची पद्धत होती. ते लक्षात न आल्यामुळे लोक मुठीपर्यंत धार ओढून आणतात.

पूर्वी हे काम शिकलगार करायचे. सांगली-साताऱ्याकडे हे आडनाव आजही भेटेल. मूळ अरबी शब्द 'सैकल', म्हणजे झिलई. नावातच धारेच्या आधी झिलई आहे, हे मला फार आवडतं.

मग करायचं काय? सगळ्यात आधी फोटो. दोन्ही बाजू, पाठ, मूठ, सगळं अक्षर-शिक्क्यांसकट. मग गंज बघा. काळपट, घट्ट थर असेल तर राहू द्या, तो वय सांगतो. लालसर आणि बोटाला लागणारा गंज मात्र वाढत असतो. त्यावर शिलाई मशीनचं हलकं तेल लावा, रात्रभर ठेवा, सुती कापडानं पुसा, आठवड्यानं परत. वाळूचा कागद, तारेचा ब्रश बंद. चिंच, लिंबू तर अजिबात नको, तांब्याच्या कळशीचं तंत्र लोखंडावर चालत नाही, आंबट लोखंडाला खातं.

पूजेचंही तसंच. हळद-कुंकू, पाणी, फुलं, वर ठेवलेलं लिंबू, हे सगळं रात्रभर पात्यावर राहिलं की सकाळी ठिपके दिसणारच. पूजा मनापासून करा, पण आरती झाली की कोरड्या कापडानं पुसून तेलाचा हात फिरवा. उघड्या हाताचा घामही गंज आणतो. आणि तलवार म्यानात कोंडून वर्षभर ठेवू नका, चामडं ओल धरून ठेवतं. कापडात गुंडाळून कोरड्या जागी आडवी ठेवा.

नवी, दुकानातली शोभेची तलवार असेल तर? तिलाही नको. बऱ्याच शोभेच्या तलवारींत पात्याचा मुठीतला भाग बारीक, जोडलेला असतो. भिंतीसाठी ठीक, फिरवायला नाही. धार लागली की लोक फिरवतात, तीच अडचण.

शेवटी कायद्याचं. धारदार तलवार १९५९ च्या शस्त्र कायद्यात येते, आणि शहरांमध्ये पोलिसांचे शस्त्रबंदीचे आदेशही वरचेवर निघतात. तलवारीनं केक कापतानाचं रील टाकून गुन्हा दाखल करून घेतलेली पोरं तुम्ही बातम्यांत बघितलीच असतील. घरच्या तलवारीबद्दल शंका असेल तर पोलीस ठाण्यात लेखी विचारा. शंभर वर्षांपेक्षा जुनी असेल, तर १९७२ चा पुरावस्तूंचा कायदाही लागतो, विनापरवाना ती देशाबाहेर नेता येत नाही. अमेरिकेतल्या दादाला भेट म्हणून पाठवायचा विचार असेल, तर तो इथेच थांबवा. त्याला फोटो पाठवा, वर म्हटलेत तेच.