गुन्हा एक, मुलं तीन



तीन मुलं मिळून एक दुकान फोडतात. गुन्हा एकच. मग शिक्षाही एकच असावी का?

हा प्रश्न विचारला होता १९४४च्या 'चिल्ड्रन ऑफ द सिटी' या ब्रिटिश सरकारी माहितीपटानं. बज कूपर या दिग्दर्शिकेनं तो स्कॉटलंडमधल्या डंडी शहरात चित्रित केला. त्यात प्रत्येक मुलाचं घर पाहिलं जातं आणि तिघांच्या वाटा वेगळ्या होतात. एक देखरेखीखाली घरीच राहतो, एक सुधारशाळेत जातो, एक मानसतज्ज्ञांकडे.

महायुद्धात बाप आघाडीवर, आई कारखान्यात आणि मुलं बॉम्बच्या भीतीनं परगावी. युद्ध संपल्यावर या पोरांचं काय करायचं, याची काळजी साऱ्या देशाला लागली. १९४६ साली सरकारनं सेंट्रल ऑफिस ऑफ इन्फर्मेशन हे प्रचारखातं उभारलं. त्याच वर्षी आला जॅक ली यांचा 'चिल्ड्रन ऑन ट्रायल'. वाट चुकलेला एक मुलगा आणि एक मुलगी सुधारशाळेत कशी सावरतात, याची ही गोष्ट.

या माहितीपटांचं मला कौतुक वाटतं ते एवढ्यासाठी, की ते मुलावर 'चोर' असा शिक्का मारून मोकळे होत नाहीत. पण कॅमेरा सरकारचा होता, हेही विसरता येत नाही. सुधारशाळेची चांगली बाजूच तो दाखवणार! १९४८च्या कायद्यानं न्यायालयानं फटके मारण्याची शिक्षा बंद केली, आणि त्याच कायद्यानं पोरांना कडक शिस्तीची कोठडीही आणली. पडद्यावर माया, कायद्यात मात्र माया आणि छडी दोन्ही.

तिकीट काढून पाहायच्या चित्रपटांनी वेगळाच सूर लावला. १९५०च्या 'द ब्ल्यू लॅम्प'मध्ये एक तरुण गुंड सज्जन हवालदाराला गोळी घालतो. प्रेक्षकांचा जीव हळहळला तो हवालदारासाठी. तो पोरगा असा का झाला, हा प्रश्न मागे पडला.

आपल्याकडेही १९४८ साली फिल्म्स डिव्हिजन सुरू झालं. मुख्य चित्रपटाआधी सरकारी माहितीपट पाहणं मग आपल्या अंगवळणी पडलं. त्यामुळे हा उपदेशाचा सूर आपल्याला परका नाही.

ते ब्रिटिश खातं २०१२ साली बंद झालं. त्या सुधारशाळांची व्यवस्थाही १९६९च्या कायद्यानं मोडीत काढली. डंडीच्या तीन पोरांचा प्रश्न मात्र शिल्लक आहे. एखादा अल्पवयीन मुलगा पकडला गेला की आपण आधी विचारतो, त्यानं काय केलं? त्याच्या घरी कोण आहे, हेही विचारायला हवं. गुन्ह्याला माफी देण्यासाठी नव्हे. तो पुन्हा घडू नये म्हणून.

(नभोवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)