एमपॉक्सचे फोड

जोयडा तालुक्यातील बाजारकुणंगसारख्या रानातल्या गावी 'माकडाचा रोग' असे कोणी म्हटले, तर ऐकणाऱ्यास प्रथम माकडतापाची आठवण व्हावी, हे स्वाभाविक आहे. १९५७ साली शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूरच्या रानात आढळलेला तो ताप पुढे उत्तर कन्नड जिल्ह्यातही पोहोचला. तो गोचिडीच्या दंशाने होतो आणि रानात माकडे मरून पडू लागली की त्याची चाहूल लागते.

मंकीपॉक्स या नावाने गाजलेला रोग मात्र अगदी निराळा. १९५८ साली कोपनहेगन येथील प्रयोगशाळेतल्या माकडांत तो प्रथम दिसला, एवढ्यावरून त्यास ते नाव पडले. या नावापायी २०२२ साली ब्राझीलमध्ये लोकांनी निरपराध माकडांवर हल्ले केले. त्याच वर्षी जागतिक आरोग्य संघटनेने रोगाचे 'एमपॉक्स' असे नामांतर केले. आपल्याकडे तो रानातून नव्हे, तर प्रवाशाबरोबर आला. जानेवारी २०२५ मध्ये दुबईहून मंगळुरास आलेल्या एका गृहस्थास तो झाल्याचे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्थेने निश्चित केले.

हा रोग देवीच्याच कुळातला. लागण झाल्यापासून तीन ते एकवीस दिवसांत ताप व डोकेदुखी सुरू होते आणि गळा, काख वा जांघ येथे गाठी सुजतात. मग बहुधा एक ते तीन दिवसांत अंगावर सपाट लाल ठिपके उठतात. एक-दोन दिवसांत ते उंचावून त्यांच्या पुळ्या होतात. पुळ्यांत प्रथम स्वच्छ पाणी भरते. पुढे पू दाटून फोड टणक व गोल होतात आणि त्यांच्या मध्यभागी बेंबीसारखा खळगा पडतो. पाच ते सात दिवसांनी खपली धरू लागते. हा सारा क्रम दोन ते चार आठवडे चालतो.

कांजिण्यांचे फोड धडावर अधिक असून ते टप्प्याटप्प्याने उठतात. त्यामुळे ठिपका, पाण्याचा फोड आणि खपली ही एकाच वेळी शेजारी शेजारी दिसतात. एमपॉक्सचे फोड तळहात-तळपायांवरही येतात व एका भागातील फोड बहुधा एकाच अवस्थेत असतात. तथापि, २०२२ पासूनच्या साथीत पुष्कळ रुग्णांना गुप्तांगावर किंवा तोंडात मोजकेच फोड आले. असा रुग्ण लाजेने दुखणे लपवितो आणि त्याच्या निकट सहवासातील माणसांना लागण होते. म्हणून नुसत्या नजरेवर विसंबू नये. फोडातील द्रवाची तपासणी करून घ्यावी.

खपली धरली म्हणजे रोगी बरा झाला, हा समज सर्वांत घातक होय. खपलीतही विषाणू असतात. शेवटची खपली गळून खाली नवी त्वचा येईपर्यंत रुग्णाचे अंथरूण, पंचा व कपडे वेगळे ठेवावेत. फोड खाजवू वा फोडू नयेत. दंडावर देवीच्या लशीचा वण असलेल्या वडीलधाऱ्यांना काहीसे संरक्षण असते. तरुणांना ते नाही. बहुतेक रुग्ण पूर्ण बरे होतात. परंतु लहान मुले, गर्भवती स्त्रिया व अशक्त प्रकृतीची माणसे यांना धोका अधिक.

रुग्णास वेगळे ठेवावयाचे ते काही दिवसांपुरते. त्यास वाळीत टाकावयाचे नव्हे. त्याचे जेवणाचे ताट दारापर्यंत वेळेवर पोहोचले, तर दुखणे लपविण्याचे त्यास कारणच उरणार नाही.